दर्यावरचा गोळाभात

नागपूर, २ मे २०२४

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी पाणी पी. कुणाला काही झालेलं नाही. झालंय ते इतकं भारी आहे की फोनवर सांगायची सोय नाही, आणि ती सोय तुझ्या लाडक्या लेकीनंच घालवली. नूपुरनं इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलचं लॉक उघडलं. आता माझे मेसेज ती मोठ्यानं वाचते आणि वर माझ्या चुका काढते. फोन वाजला की आधी स्पीकर चालू, आणि समोर खुर्चीत बाबा बसलेले. म्हणून हे पत्र मी कॉलेजच्या ऑफिसातून लिहिते आहे. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठव. उन्हाळ्यात आमचं ऑफिस सकाळचं असतं, दीडपर्यंत मी इथे असते. आमचे शिपाई देवराव यांना विश्वासात घेतलंय. ते म्हणाले, "फिकर नका करू म्याडम, माह्या हातातून सीधं तुमच्या हातात. तिसऱ्याले खबर नाही."

तर ऐक. बाबा वाचून राहिले!

आई गेली त्या नोव्हेंबरपासून बाबांच्या तोंडून 'हो', 'नको' आणि 'चहा' एवढे तीन शब्द निघत. मी ऑफिसातल्या गमती सांगायची, ते भिंतीकडे बघायचे. घरात आम्ही दोघंच, त्यातला एक असा. खरं सांगते, मला घरी जायची भीती वाटायला लागली होती. आणि मग तुझी पोरगी आली. आठ वर्षांच्या मुलीला मे महिन्यात नागपूरला पाठवणारा बाप अख्ख्या पुण्यात तू एकटाच असशील, पण तुझं भलं होवो. बाहेर चव्वेचाळीस, खेळायला जागा नाही, म्हणून तिनं लोखंडी पेटी उपसली आणि तळातून काढलं 'चांदखाडीचं गलबत'!

तेच रे. खाकी कव्हर, पहिलं पान गेलेलं, लेखकाचं नाव त्याच्याबरोबर गेलेलं. नूपुर ते घेऊन बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे वाचून दाखवा." बाबा म्हणाले, "नको." ती म्हणाली, "काहून नको?" हो, 'काहून'. आठवड्यात पोरगी बाटली, वहिनीला इतक्यात सांगू नकोस. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, आणि पहिलं प्रकरण वाचलं. गेल्या शनिवारपासून रोज दुपारी जेवण झालं की कूलरसमोर सतरंजी. नियम तोच: एका दुपारी एक प्रकरण, कितीही रडा. वाचून झालं की ते तासभर गप्पा मारतात! काल त्यांनी मला विचारलं, भाजी कितीला आणली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आठवतं तुला? लोक रजा घेऊन थंड हवेला जात, आपले बाबा पाटबंधारे खात्यातून तीन आठवड्यांची रजा घेऊन कूलरसमोर जात. आपण ओल्या फरशीवर पालथे. वाळ्याचा वास. बाबा बनियनवर, गलबत हाकणाऱ्या भिवा तांडेलाच्या आवाजात गर्जना करताहेत. आई मात्र तेव्हाही स्वयंपाकघरातच. मला आईनं आयुष्यात एक ओळ वाचून दाखवली नाही. "मला मेलीला कुठला वेळ," म्हणायची. गेलेल्या माणसावर काय रुसायचं, पण रुसवा आहे, तुझ्यापाशी खोटं काय बोलू.

एकच काळजी आहे. शेवटच्या प्रकरणाची अखेरची पानं तेव्हाही नव्हती, आजही नाहीत. पण बाबांनी तेव्हा मनानं शेवट सांगितला होता, तसा आताही सांगतील. तेरा तारखेला तिथे पोचू. देव पाण्यात ठेव.

तुझी,
सुरू


पुणे, ७ मे २०२४

प्रिय सुरू,

तुझं पत्र मी जिन्यातच उभा राहून वाचलं, मग प्रीतीला वाचून दाखवलं, मग परत एकदा वाचलं. प्रीती 'काहून'वर थांबली आणि म्हणाली, "जूनमध्ये शाळेत काय तोंड दाखवायचं?" मी म्हटलं, सासर नागपूरचं आहे हे लग्नाआधी माहीत होतं.

मला आठवतं का म्हणून विचारतेस? मला त्या पुस्तकाचं एकेक पान आठवतं. भिवा तांडेल, त्याची मुलगी यमू, आणि झिपरी शेळी! दर्यावर शेळी नेणारा तो एकटाच तांडेल. समुद्र आपण बापजन्मी पाहिला नव्हता. मी अंबाझरी तलाव बघून त्याच्या वीसपट काहीतरी मनात धरायचो.

आणि ऐन सातव्या प्रकरणाला मला कांजिण्या! अठ्ठ्याऐंशीचा मे. मी दहा वर्षांचा, तू आठ. मला मागच्या खोलीत टाकलं, दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या, आणि तुला पुढच्या खोलीत कोंडलं. मी अंगभर खाजवत पडलेलो आणि बाबा उशाशी बसून वाचताहेत. ते अकरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, असं म्हटलं की लोक हसतात.

शेवटाची काळजी करू नकोस. बाबांनी तो असा सांगितला होता की मी विसरणं शक्य नाही. काल नूपुरशी बोलताना मी तिला कानमंत्र दिलाय, झिपरी वाचते म्हणून. नाहीतर पोरगी आधीच रडून घर डोक्यावर घेईल.

बाबा बोलायला लागले, सुरू. मला इकडे फोनवर ते 'हो' म्हणायचे आणि मी पाच मिनिटं फोन धरून बसायचो. आता तू मला रोजचं कळव.

तुझा,
दादा


नागपूर, १४ मे २०२४

दादा,

तू काय करून ठेवलंस! आणि मी काय करून ठेवलं!

काल तेरा तारीख. सतरावं प्रकरण. कळमन्याच्या बाजारातून आणलेलं कलिंगड मी कापून ठेवलेलं, सोहळाच होता. बाबा वाचत आले, वादळ आलं, खडक दिसले, आणि शेवटची ओळ: "गलबत एका बाजूला कललं, आणि तांडेलानं सुकाणू सोडून". तिथे पान फाटलेलं. बाबा थांबले. पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाले, "याच्या पुढचं मला काही आठवून नाही राहिलं. सुरुची, तुला आठवतं का गं? मी तुला काय वाचून दाखवलं होतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझी कन्या ओरडली, "मला माहीत आहे! तांडेल झिपरीसाठी पाण्यात उडी मारतो! बाबानं सांगितलंय!"

झिपरी? अरे, शेवटच्या प्रकरणात झिपरीचा काय संबंध? शेवट असा आहे: तांडेल सुकाणू सोडून यमूच्या हाती देतो. म्हणतो, "तू धर पोरी, मी खाली जाऊन भात टाकतो. पोटात अन्न नसलं की हात कापतो." खाली जाऊन तो गोळाभात करतो. वर वादळ, खाली भरड्याचे गोळे. यमू एकटी, रडत रडत, गलबत खडकांतून काढते. आणि पहाटे चांदखाडीत सगळे पंगतीला बसतात, गोळाभात, वरून हिंगाचं तडतडीत तेल. तांडेल पहिला घास यमूला देतो. मी बारावीला नापास होता होता वाचले तेव्हा, आई दवाखान्यात होती तेव्हा, प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितलंय, सुकाणू धर, खाली कुणीतरी भात टाकलाय. बाबांनी बंद दाराआडून वाचलेला तो शेवट, कूलरच्या घरघरीतून आलेला त्यांचा जाडसर आवाज, मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पण नूपुर झिपरी म्हणाली आणि मी घाबरले. म्हटलं, मी एक सांगितलं, दादानं दुसरं, तर बाबांना वाटेल आपलंच डोकं गेलं. आधी दादाशी बोलून एक काय ते ठरवू. म्हणून मी म्हटलं, "मलाही नीट आठवत नाही बाबा."

दादा, ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं." पुस्तक मिटलं आणि खोलीत गेले. कलिंगडाला हात लावला नाही. आज सकाळी परत 'हो', 'नको', 'चहा'. नूपुर दाराशी जाऊन विचारते, "आजोबा, राग आला काय?" ते मान हलवतात.

मला कळत नाही ते विसरले म्हणून खचले की आणखी काही. ते परत तसे भिंतीकडे बघत बसले तर या वेळी माझ्याच्यानं होणार नाही. लवकर लिही. आणि शेळीचं खूळ डोक्यातून काढ.

सुरू


पुणे, १८ मे २०२४

सुरू,

शेळीचं खूळ! अगं, तांडेल सुकाणू सोडून झिपरीसाठी दर्यात उडी घेतो, मागून यमू, मागून खलाशी. गलबत बुडतं, माणसं सगळी तरतात, आणि झिपरी तांडेलाच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला लागते. मी तापात विचारलं होतं, "बाबा, झिपरी मरते का?" बाबा म्हणाले, "लाकूडफाटा बुडाला तर बुडू दे रे, जीव महत्त्वाचा." पुढे नोकरी गेली, पहिलं दुकान बसलं, प्रत्येक वेळी मी म्हटलं, गलबत गेलं तर गेलं. तुझा यमूचा शेवट आहे तसा माझा हा आहे, त्याला खूळ म्हणू नकोस.

आणि आपला नागपुरी गोळाभात? दर्यावर? कोकणातला तांडेल हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे वळेल? त्याला मासे दिसले नाहीत? तुला तेव्हा भूक लागली असणार, झोपेत ऐकलं असशील. आणि एक सांग, बाबा तुझ्याकडे यायचे कधी? ते अकरा दिवस माझ्या खोलीतून हलले नव्हते. आईनं ताट दारात ठेवायचं आणि बाबांनी आत घ्यायचं, असं चाललेलं. जाऊ दे, भांडण नंतर. बाबा महत्त्वाचे.

मी जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. 'चांदखाडीचं गलबत' हे नाव ऐकून एका दुकानदारानं मला सागरी पर्यटनाचं पत्रक दिलं. तेव्हा म्हटलं, आता आपणच दर्यात उडी घ्यावी. सोबत पाकिटात सहा पानं आहेत. शेवटचं प्रकरण! मी लिहिलं, ऑफिसच्या प्रिंटरवर छापलं, पिवळट दिसावं म्हणून चहात भिजवलं, गच्चीवर वाळवलं आणि इस्त्री केली. प्रीतीची इस्त्री कायमची तपकिरी झाली आहे, ती माझ्याशी बोलत नाही. कडा मेणबत्तीनं जरा जाळल्या. पानांचे आकडेसुद्धा पुढचे टाकलेत. कुणाच्या बापाला कळणार नाही. आपल्या बापाला तर नाहीच.

पेटीच्या तळाशी सापडली म्हणून सांग. बाबांना आठवेल, ते परत बोलतील. शेवट माझाच घातलाय, कारण लिहिणारा मी आहे.

दादा


नागपूर, २४ मे २०२४

दादा,

आधी दवाखान्याचं सांगते. तुझं पाकीट यायच्या आत मी बाबांना डॉक्टरकडे नेलं, विसरण्याची तपासणी करायला. डॉक्टरांनी विचारलं आज वार कोणता, बाबांनी वार, तिथी आणि नक्षत्र सांगितलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, बाबा शून्याखाली उतरले तरी थांबेनात. शेवटी बाबांनीच डॉक्टरांना विचारलं, "रामटेकच्या तलावाचे दरवाजे किती?" डॉक्टर कागद चाळायला लागले. बाबा मला म्हणाले, "यांना तपासून घे." हे दहा दिवसांतलं त्यांचं सर्वांत मोठं वाक्य. घरी आल्यावर परत भिंत.

म्हणून मी तुझ्या पापात सामील झाले. काल दुपारी ती सहा पानं पेटीत ठेवली, नूपुरला पेटी उघडायला लावली, आणि 'अगंबाई, हे काय!' असं इतक्या वाईट तऱ्हेनं म्हटलं की पाल असती तरी ओळखलं असतं. बाबा आले. चष्मा लावला. नूपुरच्या हाती पानं दिली, म्हणाले, "तू वाच."

तिनं पहिलं पान नाकाशी धरलं. "आजोबा, याला आल्याचा वास येऊन राहिला." मी म्हटलं, जुन्या कागदाला येतो. ती म्हणाली, "आलं आणि वेलदोडा. आमच्या घरच्या चहाचा वास आहे. आणि हे बघा, इथे बाबाच्या कपाचा गोल!" दादा, कपाखाली पान ठेवून चहा प्यायलास? माणसानं बनावट कागद करावा आणि त्यावरच कप टेकवावा?

पण बाबा रागावले नाहीत. "वाच वाच," म्हणाले. तिनं झिपरी, उडी, किनारा, सगळं वाचलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हो. असंच होतं. छान." आणि उठायला लागले. त्या 'छान'मध्ये जीवच नव्हता रे. मला ते सोसेना. मी ओरडलेच, "असं नव्हतं! हे दादानं लिहिलंय! खरं मी सांगते, मला सगळं आठवतं, मी खोटं बोलले होते!"

आणि मी सुरू झाले. उभी राहून, हातवारे करून. नूपुर म्हणते मी बाबांच्या आवाजात बोलत होते, तो दाराआडचा जाड आवाज, मधेच खोकून. मला कळलंही नाही. मी तसंच ऐकलंय, तसंच येतं. यमूच्या हाती सुकाणू दिलं, तांडेल खाली गेला, मी गोळाभातावर आले, आणि बाबा एकदम ताठ बसले.

"काय केलं म्हणालीस त्यानं?"

"गोळाभात."

"कशाचे गोळे?"

"भरड्याचे. बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं."

"आणि त्यावर?"

"हिंगाचं तेल. मोहरी तडतडली पाहिजे, नाहीतर यमू जेवत नाही."

बाबा हसायला लागले. म्हणजे किती? खुर्ची हलायला लागली. "दर्यावर गोळाभात!" म्हणायचे आणि परत हसायचे. चष्मा काढला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसू थांबेना. नूपुरही हसायला लागली, कशाला हसतोय ते न कळता. मग म्हणाले, "पुढे सांग. एक शब्द गाळू नको." मी पंगतीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी दोन वेळा सांगायला लावलं. मग खोलीत गेले आणि आतून म्हणाले, "मला कोरे कागद दे. रेघांचे."

रात्री दोन वाट्या भात जेवले. आज सकाळी गुणगुणत दाढी केली. दादा, काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. चांगलं झालंय एवढं नक्की.

सुरू


नागपूर, २७ मे २०२४

चि. सुरुची हिस, बापाचे पोटभर आशीर्वाद.

विषय: अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातील वाचन.
संदर्भ: तुमचा दोघांचा माझ्या पाठीमागे चाललेला पत्रव्यवहार.

मीही तुझ्या ऑफिसच्याच पत्त्यावर टाकतो आहे, कारण घरातली खरी टपाल व्यवस्था तिकडेच गेली असल्याचं समजतं. देवराव रोज पहाटे बागेत माझ्या बाकावर असतो. पहिल्याच पत्राच्या दिवशी तो म्हणाला, "काकाजी, पुन्याहून चिठ्ठी येऊन राहिली, पन तुमाले सांगू नका म्हन्ते म्याडम." त्याला बोलू नकोस. माणूस चांगला आहे.

आता मूळ मुद्दा. मी काहीही विसरलेलो नाही. झिपरीचा शेवट माझा आहे आणि मला पाठ आहे. तुझा शेवट मला माहीत नव्हता. कारण तो मी सांगितलेलाच नाही.

कांजिण्या मला लहानपणी येऊन गेल्या होत्या, तुझ्या आईला, अरुंधतीला, नाही. म्हणून सुमंतजवळ मी आणि तुझ्याजवळ ती, अशी वाटणी झाली. तू पहिल्याच दिवशी ताट भिरकावलंस. वाचतील तर बाबाच, नाहीतर जेवणार नाही. माझं वाचून झालं की मी पुस्तक खिडकीत ठेवायचो, ती ते तासभर अंगणात उन्हात टाकायची. नागपूरच्या उन्हात कोणता जंतू जगतो? मग तुला सांगायची, "बाबा दाराआडून वाचणार आहेत, दार उघडायचं नाही." आणि स्वतः दारापलीकडच्या बोळात बसायची. आवाज जाड यावा म्हणून माझा मफलर गळ्याला गुंडाळायची. मे महिन्यात, सुरुची! घामानं निथळत भिवा तांडेल व्हायची. मी मागच्या खिडकीतून ऐकायचो. माझा खोकला ती माझ्यापेक्षा बरा काढायची.

अकरा प्रकरणं. तू नेहमी म्हणतेस, आईनं एक ओळ वाचून दाखवली नाही. सतरापैकी अकरा तिनं वाचली.

शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "पानं नाहीत, काय सांगू?" मी म्हटलं, शेळी वाचव, मोकळी हो. ती म्हणाली, "माझी मुलगी शेळीवर भागायची नाही. बघते माझं मी." त्या दिवशी वारा इतका होता की मला काही ऐकू आलं नाही. नंतर विचारलं, तर म्हणाली, "ते आमचं मायलेकीचं आहे." आणि मला शपथ घातली, सुरुचीला कळू द्यायचं नाही. "तिला वाटू दे, बाबांनी वाचलं. त्या सुखात कशाला हात घालता?" मी मधून मधून विचारायचो, ती नुसती हसायची. मग विचारायचं राहून गेलं. म्हटलं, आहे की, कधीतरी सांगेल. त्यानंतर पस्तीस वर्षं घरात होती.

ती गेल्यावर मला रोज वाटायचं, तिचं सगळं मला माहीत आहे, आता नवीन काही तिच्याकडून येणार नाही. मग नूपुरनं ते पुस्तक आणलं आणि माझ्या ध्यानात आलं की एक गोष्ट अजून शिल्लक आहे, आणि ती तुझ्यापाशी आहे. पण शपथ होती, सरळ कसं विचारू? म्हणून विसरल्याचं सोंग घेतलं. आणि तू म्हणालीस, आठवत नाही. पोरी, मला वाटलं, झालं, तेही गेलं. माझ्या डोक्याला काही झालं नव्हतं. मला फार दुःख झालं होतं, एवढंच. तू डॉक्टरकडे नेलंस, मी काय सांगणार त्याला?

आणि परवा तू गोळाभात म्हणालीस. समुद्राच्या गोष्टीत हिंगाचं तेल घालणारी बाई या जगात एकच होऊन गेली. मला ती समोर दिसली. मला सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की ती माझ्याशी बोलली, आणि काय बोलली, तर मोहरी तडतडली पाहिजे!

शपथ मोडली आहे. वर भेटल्यावर ऐकून घेईन. सुमंतला कळव की चहात आलं घालू नये.

तुझा,
बाबा


नागपूर, ३१ मे २०२४

दादा,

बाबांच्या पत्राची प्रत सोबत आहे. आधी ते वाच, मग हे. बसून वाच, जिन्यात नको.

मी ते ऑफिसात उघडलं. मफलरपर्यंत आले आणि टेबलावर डोकं टेकलं. देवराव धावत आले, "काय झालं जी म्याडम? वाईट खबर हाय काय?" मी म्हटलं, नाही देवराव, फार चांगली आहे. ते म्हणाले, "मंग रडून काहून राहिल्या?" मी त्यांना सांगितलं, माझ्या आईनं मला वाचून दाखवलं होतं, अकरा दिवस. ते म्हणाले, "अन् तुमाले आज समजलं?" आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेले ते चिवडाही घेऊन आले.

दादा, मी जन्मभर दोघांना चुकीच्या जागी ठेवलं होतं. बाबांना दाराआड आणि आईला स्वयंपाकघरात. तिनं मला ताटही वाढलं आणि गलबतही दिलं, आणि मोठेपणा नवऱ्याला देऊन टाकला. मला तिचा इतका राग आला आणि तिच्यावर इतका जीव आला की काय करू कळेना. मी अर्धी रजा टाकली.

घरी कुणाला काही बोलले नाही. जेवणं झाली. बाबा आणि नूपुर सतरंजीवर, कूलर चालू. मी कपाटातून बाबांचा मफलर काढला, पुस्तक घेतलं, बोळात गेले आणि दार लोटून घेतलं. पंचेचाळीस डिग्री, गळ्यात लोकरी मफलर. तिथे बसल्यावर कळलं की त्या बोळात वारा शिरायला फटसुद्धा नाही. ती तिथे अकरा दुपारी बसली होती.

तू पुढच्या रविवारी नूपुरला न्यायला येशील तेव्हा तुझी सहा पानं आणि आईची चार, दोन्ही पुस्तकाला शिवलेली असतील. आईची नूपुरनं स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत. झिपरी दोन्हींत वाचते, मी कबूल केलंय. भरडा दळून आणला आहे. प्रीतीलाही आण, तिला नवी इस्त्री मी देते.

हां, तर बोळातलं. मी घसा खाकरला, तो जाड आवाज लावला आणि वाचायला घेतलं, "गलबत एका बाजूला कललं, आणि तांडेलानं सुकाणू सोडून..."

तेवढ्यात आतून बाबा ओरडले, "अरुंधती, जरा मोठ्यानं! कूलर चालू आहे."

आणि नूपुर खिदळली, आणि मी मोठ्यानं वाचलं.

तुझी,
सुरू